दुसरा आकडा

वॉचेट, सॉमरसेट
११ फेब्रुवारी २०१८

प्रिय एमरिस,

हे दोन शब्द दोनदा लिहून दोनदा खोडले. तिसऱ्यांदा तसेच ठेवतो.

अक्षर ओळखलं असेल तर पाकीट न फोडताच शेकोटीत टाकायचा मोह तुम्हाला झाला असेल. टाकलं असेल तर हे पत्र मी मधल्या समुद्राला लिहिलं असं समजेन. त्याला वाचायला सवड भरपूर आहे.

मी हेडली रिजवे. अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. शाळेत भूगोल शिकवणं थांबून अठरा वर्षं झाली, माझ्या ऑड्रीला जाऊन तीन. मुलगी फिलिपा कव्हेंट्रीला असते. संध्याकाळी खिडकीशी बसलो की पलीकडे तुमच्या बॅरीचे दिवे दिसतात. समुद्रावरून पंधरा मैल, रस्त्याने शंभर. लहानपणी आमच्या गुरुजींनी छडीच्या धाकाने एक कविता पाठ करून घेतली होती. तिच्या दोनच ओळी आता उरल्यात:

पैलतिरीच्या दिव्यास सांगा, अजून आहे जागा मी;
वात सरेतो जळत राहा तू, वाट सरेतो बघेन मी.

तेव्हा अर्थ कळला नव्हता. छडी मात्र कळली होती.

मुद्द्यावर येतो. हौशी लोकांचा टेलिव्हिजन आता पुन्हा घरी बांधता येतो. आपल्या वेळच्या कपाटाएवढ्या पेट्या नाहीत. पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक, त्याच्या शेजारी रेडिओचा एक बोर्ड, मग फिल्टर, ॲम्प्लिफायर, अँटेना. झालं. चित्र पाठवायचं आणि घ्यायचंही त्याच डब्यातून. मी सगळे भाग दोन-दोन मागवले. एक संच तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय.

१९७९च्या सप्टेंबरबद्दल मला बोलायचं नाही, पण न बोलता हे पत्र खोटं होईल. हौशी मंडळाच्या स्पर्धेचा नियम मला तेव्हाही माहीत होता. ज्याने-त्याने आपला चार आकडी क्रमांक चित्रातच दाखवायचा, आवाजावर सांगायचा नाही. तुमचं चित्र मुंग्यांनी भरलेलं. तीन दिसला, सात दिसला, दोन दिसला. दुसरा आकडा काही केल्या दिसेना. मी माइकवर विचारलं, "दुसरा चार आहे ना रे? बरं, चार लिहितो." एवढंच. आणि तुम्ही मंडळाच्या चिटणिसांना पत्र लिहून आपला तो संपर्क बाद करवलात. कप गेला. मी तुम्हाला म्हणालो की तुम्ही माणूस नाही, नियमांचं पुस्तक आहात. ते शब्द मी परत घेतो. पण तो आकडा चारच होता, यावर मी आजही पैज लावायला तयार आहे.

त्या दिवसानंतर तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही. एकदा पाहावा, एवढंच आहे.

हेडली


बॅरी
२० फेब्रुवारी २०१८

रिजवे,

पत्र मिळालं. शेकोटी आम्ही काढून टाकली, आता रेडिएटर आहेत. त्यामुळे वाचावं लागलं.

संच पाठवा. किंमत कळवा, पैसे देईन. फुकटचं मी घेत नाही. घरी इंटरनेट नाही. फोनही काढून टाकला, सतत काही ना काही विकणाऱ्यांचे फोन यायचे. तेव्हा संगणकाचा प्रोग्राम मेमरी कार्डावर भरून टपालाने पाठवावा लागेल.

बहीण ग्वेनिथ माझ्याकडेच राहते. तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. मी सांगितलेला नाही, याची नोंद घ्यावी.

आकडा मी सांगणार नाही. नियम अजून तोच आहे.

ए. प्रोथेरो


वॉचेट
४ मार्च २०१८

एमरिस, म्हाताऱ्या,

बघ, हात आपोआप 'म्हाताऱ्या'वर गेला. विशीत असतानाही आपण रेडिओवाले एकमेकांना म्हाताऱ्या म्हणायचो, जगभर सगळेच म्हणतात, आणि आपल्याला केवढी गंमत वाटायची. आता कुणी हाक मारली तर वळून बघावं लागतं.

खोकं वेगळं पाठवलंय. संगणक, रेडिओ-बोर्ड, बोटभर टचस्क्रीन, कॅमेरा, आणि फिल्टरच्या तारेच्या गुंडाळ्या. माझ्याकडे आता गुंडाळी करताना वेढे मोजायचे म्हणजे मधेच कविता आठवते आणि आकडा चुकतो. म्हणून तयार पाठवल्या.

तुला आठवतं का, साठ साली तू पहिल्यांदा माझ्या पडद्यावर आलास ते? पाऊण तास नुसत्या मुंग्या. मग त्या मुंग्यांतून एक कान आला. नुसता कान. ऑड्री चहा घेऊन आली होती, म्हणाली, "तुझ्या मित्राला चेहरा नाहीये का?" मग हळूहळू नाक, मग ते हसू. दोन्ही गालांवर सारख्या खळ्या. इतका रुक्ष माणूस आणि खळ्या बाळाच्या, असं ऑड्री पुढे कायम म्हणायची.

या नव्या यंत्रात तसं होत नाही म्हणे. चित्र येतं तर लख्ख येतं, नाहीतर काहीच येत नाही. मुंग्या नाहीत. मधलं काही नाहीच.

७३. (किती वर्षांनी लिहिले हे दोन आकडे तुझ्या पत्राखाली. आपल्या लोकांचा रामराम.)

हेडली


बॅरी
१९ एप्रिल २०१८

हेडली,

तुझ्या फिल्टरच्या तीनपैकी दोन गुंडाळ्यांना एक-एक वेढा कमी आहे. कुठल्या कवितेमुळे ते कळव, म्हणजे ती वाचायची टाळेन. मी नव्या केल्या.

तू पाठवलेल्या जोडणीच्या नकाशात रिलेचे दोन पाय उलटे दाखवलेत. तसेच जोडले असतेस तर पाठवायला बटण दाबताच तुझ्या ॲम्प्लिफायरने आपलीच शक्ती आपल्याच रिसीव्हरमध्ये ओतली असती. गोदीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या वायरिंगची तपासणी केली, आता निवृत्तीत तुझ्या.

माझा डबा तयार आहे. अँटेना धुराड्याला बांधलीय, ती तुझ्या दिशेला करताना ग्वेनिथ खाली शिडी धरून उभी होती आणि या वयात तुम्हाला काय झालंय, असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत होती.

मेचा पहिला रविवार, सकाळी अकरा. मी कॅमेऱ्यासमोर बसेन. दाढी करून बसेन. तूही कर. पाटीवर आकडा लिहीन, तू वाचायचास. नियमाने.

७३. एमरिस


वॉचेट
७ मे २०१८

एमरिस,

काल अकराला बसलो. साडेबारापर्यंत बसलो. पडदा काळा. माझं चित्र तरी पोचलं का?

दोष माझ्याकडेच असेल. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे रिले बदलला होता. दाढीही केली होती. निळा टाय लावला होता, त्यावर चहा सांडला ते दिसलं असेल तर दिसू दे.

हेडली


वॉचेट
३ जून २०१८

एमरिस,

चार रविवार झाले. काही चुकून लिहिलं का मी? ती पैजेची ओळ लागली असेल तर ती पुस. आणखी एकोणचाळीस वर्षांचा अबोला मला परवडणारा नाही रे, आणि तुलाही नाही.

दोन ओळी टाक. शिव्या असतील तर शिव्या टाक.

हेडली


बॅरी
१२ जुलै २०१८

हेडली,

टाइप केलं आहे, राग मानू नये. उजवं मनगट दुखावलं आहे. एका बोटाने टाइप करतो, म्हणून थोडक्यात.

तुझा दोष नव्हता. माझ्याकडे अडचण होती. आता डबा पुन्हा चालू केला आहे. राहिलेलं सोल्डरिंग ग्वेनिथ करते. मी बोटाने दाखवतो, ती जोडते. तिचे जोड माझ्यापेक्षा चांगले येतात, हे तिला कळवू नये.

आवाजाचा सेट विकून टाकला. त्यामुळे माइकवर बोलणं होणार नाही. तू बोललास तरी मी उत्तर देणार नाही. आपण चित्रापुरतं पाहू.

दर रविवारी अकराला पाठवेन.

७३. एमरिस


वॉचेट
३० जुलै २०१८

म्हाताऱ्या,

मनगट काय, मला वाटलं होतं तुझं मन दुखावलंय. पत्र आलं तेव्हा बागेत नुसता उभा राहिलो. शेजारच्या बाईने विचारलं, बरी बातमी आहे ना? म्हटलं, एकाचं मनगट मोडलंय, फार बरी बातमी आहे. ती अजून माझ्याकडे जपूनच बघते.

पण गेले दोन रविवार पडदा काळाच. माझा रिसीव्हर म्हणतो समोर काहीतरी आहे, सुई हलते, पण चित्र नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी चालतंय आणि दार सापडत नाही, असं वाटतं.

आवाजाचा सेट का विकलास? सत्तर पौंडांसाठी? तुझा तो खर्जातला "ऐकतोयस का" ऐकायला मी कान लावून बसलो होतो.

७३. हेडली


बॅरी
७ ऑगस्ट २०१८

हेडली,

तू रिसीव्हर कुठल्या गतीवर लावला आहेस? मी २५० वर पाठवतो. मार्चच्या कागदावर तू स्वतःच २५० लिहिलं होतंस. एप्रिलच्या कागदावर ३३३. ३३३ वर बसलास तर प्रलयापर्यंत बसशील.

मला तुझं चित्र तिन्ही रविवार लख्ख आलं. पी-पाच. केस गेले. भिंतीवरचा नकाशा तोच. टायवरचा डागही तोच, धू.

वहीत तुझी नोंद पेन्सिलने केली आहे. दोन्हीकडून चित्र पोचून आकडा जुळला की शाईने करेन. माझी पद्धत तुला माहीत आहे.

७३. एमरिस


वॉचेट
३ सप्टेंबर २०१८

एमरिस,

३३३च होता. कान पकडतो.

आणि मग आलं. ऑगस्टचा दुसरा रविवार, अकरा वाजून तीन मिनिटं. काळा पडदा, काळा पडदा, आणि एका क्षणात सगळंच. रंगीत पट्ट्या, मधलं गोल, खाली तुझं हवेवरचं नाव, कॉलसाइन, आणि बॅरी. काचेसारखं. शून्य ते पाच हीच आपली मोजपट्टी, मी पी-पाच दिलं, सहा असते तर सहा दिले असते. उठून मी स्वयंपाकघरात गेलो आणि ऑड्रीला सांगायला तोंड उघडलं. असो.

पण म्हाताऱ्या, चार रविवार झाले, तेच टेस्ट कार्ड. माझं मात्र तुला सगळं दिसतं, टकलापासून टायपर्यंत. हे म्हणजे मी दारात उभा, तू आत, आणि दारावर नुसती नावाची पाटी. तुझं कार्ड मला त्या कवितेसारखं पाठ झालंय. कॅमेऱ्यासमोर बसायला काय मुहूर्त लागतो? लाजतोस का नवरीसारखा? कॅमेरा बिघडला असेल तर म्हणून दुसरा पाठवलाय, पाकिटातच आहे.

कान जरी दाखवलास तरी चालेल. साठ सालासारखा.

७३. हेडली


बॅरी
१४ सप्टेंबर २०१८

हेडली,

कॅमेरा मिळाला. त्याची पट्टी संगणकात बसत नाही. बसवताना चिमटा तुटला. नवा मागवावा लागेल. वेळ लागेल.

टेस्ट कार्डात काय वाईट आहे? त्यावर माझं नाव आहे. आपल्यात कॉलसाइन म्हणजेच माणूस, हे तूच म्हणायचास.

ग्वेनिथने मनुकांचे तव्यावरचे केक केले आहेत, डबा पाठवते आहे. मी खात नाही हल्ली, सांडतात.

७३. एमरिस


वॉचेट
१० ऑक्टोबर २०१८

एमरिस,

केक संपले. ग्वेनिथला सांग, शेवटचा मी दोन दिवस जपून ठेवला आणि मग उंदराच्या आधी खाल्ला.

एक गोष्ट मी फेब्रुवारीपासून लपवली, ती आज लिहितो. घर विकलं. जिना मला झेपत नाही आणि दोनदा मी गॅस चालू ठेवून फिरायला गेलो. फिलिपाने कव्हेंट्रीत तिच्या जवळ दोन खोल्या घेतल्यात. तळमजला, चहूबाजूंनी चार-चार मजले. तिथे अँटेना लावायला परवानगी नाही, आणि लावली तरी समोर समुद्र नाही, मोटारींचा तळ आहे. अँटेनाचा खांब मंगळवारी, तेवीस तारखेला उतरवणार. म्हणजे रविवार राहिला एकच, एकवीसचा.

तुला हे आधी सांगितलं नाही, कारण दयेपोटी बसलास तर ते बसणं नव्हे, असं मला वाटायचं. आता तेवढा ताठा उरला नाही. दयेपोटी बस. कसाही बस.

पूर्वीचं चित्र मरताना दिसायचं, नाही का? आधी थोड्या मुंग्या, मग जास्त, मग त्यांच्याआड नुसती सावली, आणि तरी आपण म्हणायचो, आहे, अजून आहे. निरोप घ्यायला सवड मिळायची. हे नवं यंत्र तेवढी सवडही देत नाही. असतं तोवर सगळं असतं. म्हणून म्हणतो, असेतो दाखव.

टपाल हाती पडताच लिही. मी वाट पाहीन.

हेडली


बॅरी
१७ ऑक्टोबर २०१८

हेडली,

रविवारी अकरा ते साडेअकरा मी कॅमेऱ्यासमोर बसेन. चिमटा तुटलेला नव्हता.

पाटीवर आकडा धरीन. १९७९चाच. तेव्हा जो वाचता आला नाही, तोच. आता मुंग्या नाहीत, तेव्हा दुसरा आकडा स्वच्छ दिसेल. वाचलेला आकडा आणि चित्राची प्रत पत्राने कळव. बाकी काही लिहू नकोस. जे दिसेल त्यावर काही लिहू नकोस.

७३. एमरिस


वॉचेट
२१ ऑक्टोबर २०१८, दुपार

प्रिय पिप, माझ्या फिलिपा,

फोनवर मी तुला "सगळं छान" म्हणालो. फोनवर मी नेहमीच तसं म्हणतो, म्हणून हे पत्र. आधीच सांगतो, यात तुझी काही चूक नाही.

खांब उतरवणारे दोघे मंगळवारऐवजी परवा शुक्रवारीच आले. शनिवारी वादळ सांगितलं होतं. त्यातला दाढीवाला वर बघून म्हणाला, "आजोबा, आज आम्ही नाही उतरवला तर उद्या हा आपला आपण उतरेल, शेजारणीच्या काचघरावर." मी म्हटलं, रविवार दुपारपर्यंत तग धरणार नाही का? तर म्हणाला, "धरेलही. काचघर तुमचं असतं तर मी थांबलो असतो."

मी 'नाही' म्हणू शकलो असतो, पिप. हेच तुला सांगायचंय. तो थांबला होता माझ्या तोंडाकडे बघत. पण दहा तारखेच्या माझ्या पत्राला एमरिसचं उत्तर आलं नव्हतं. मी मनात म्हटलं, येऊन येऊन येणार काय, तेच टेस्ट कार्ड. चार पट्ट्या आणि एक गोल. त्यासाठी कुणाचं काचघर कशाला फोडायचं? आणि मी मान हलवली. वीस मिनिटांत उतरला. चाळीस वर्षं उभा होता आणि गवतावर केवढासा दिसत होता.

शनिवारी टपालात त्याचं पत्र आलं. बुधवारी लिहिलेलं, दुसऱ्या दर्जाचं, स्वस्त आणि उशिरा पोचवणारं तिकीट लावून. जन्मभर त्याने पहिल्या दर्जाचं तिकीट लावलं नाही. लिहिलं होतं, रविवारी बसतो.

त्याच्याकडे फोन नाही. बॅरीत दुसरं मी कुणाला ओळखत नाही. गाडी तू नेलीस ते बरंच केलंस, वादळात त्याच्याकडे जायचा पूल बंद होता. मी अँटेना झाडूच्या दांड्याला बांधली आणि माडीच्या खिडकीतून बाहेर धरून बसलो, अकरा ते साडेबारा. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने खिडकी. पाऊस आत येत होता. मधलं बोटयार्डचं छप्पर आड येतं. सुई हललीच नाही. पूर्वीचं यंत्र असतं तर निदान मुंग्या दिसल्या असत्या आणि त्या मुंग्यांत मी त्याला शोधलं असतं. हा पडदा नुसता काळा. मला माझाच चेहरा दिसत होता त्यात.

तिकडे तो बसला असेल अर्धा तास, हातात पाटी धरून. जन्मात कधी कुणापुढे न झुकणारा माणूस. आणि समोर कुणी नाही.

त्याला काय लिहू ते मला सुचत नाही. तू शनिवारी येशील तेव्हा खोकी तयार असतील. नकाशा मात्र मी हातात आणेन, खोक्यात नको.

तुझा,
बाबा


वॉचेट
२४ ऑक्टोबर २०१८

प्रिय एमरिस,

अहवाल देतो. रविवार, अकरा वाजता. चित्र पी-पाच. आकडा ३४७२.

तुला माझं चित्र आलं नसेल. माझा ॲम्प्लिफायर आधीच खोक्यात गेला होता, त्यामुळे फक्त घेत होतो, पाठवता आलं नाही. माफ कर.

काही लिहू नकोस म्हणालास, पण एवढं लिहू दे. तू बदलला नाहीस रे. केस पांढरे झाले, ते व्हायचेच. पण ते हसू तेच, दोन्ही गालांवर सारख्या खळ्या. ऑड्री असती तर म्हणाली असती, बघ, बाळ अजून मोठं झालं नाही. मी पडद्याशी अगदी नाक लावून बसलो होतो. साडेअकराला तू बंद केलंस तेव्हा त्या काळ्या पडद्याकडे अजून जरा वेळ पाहत राहिलो.

दुसरा आकडा चारच होता. मी म्हणत नव्हतो?

खांब उतरला. शनिवारी मी निघतो. कव्हेंट्रीचा पत्ता मागे लिहिलाय. तिथल्या खिडकीतून दिवे पुष्कळ दिसतात म्हणे, त्यांतला ओळखीचा एकही नाही.

७३, एमरिस. ७३.

हेडली


बॅरी
१५ नोव्हेंबर २०१८

प्रिय हेडली,

हे पत्र टाइप करायला मला नऊ दिवस लागले. डाव्या हाताच्या एका बोटाने. ग्वेनिथ मदत करायला निघाली होती, तिला बाहेर बसवलं.

मनगट दुखावलेलं नव्हतं. सहा मेच्या रविवारी साडेनऊला मी आरशासमोर दाढी करत उभा होतो. तुझ्यासाठीच. एक गाल झाला, दुसऱ्यावर साबण होता, आणि वस्तरा हातातून गळला. उचलायला वाकलो तो उठलो नाही. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, पाय अर्धा परत आला. बोलतो ते ग्वेनिथला कळतं, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून फोन पुन्हा घेतला नाही, आवाजाचा सेटही विकला. चेहऱ्याची उजवी बाजू खाली उतरली आहे, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. पाणी पितो ते त्या बाजूने गळतं. मी हसलो तर लहान मुलं आईमागे लपतात, म्हणून हसत नाही. टेस्ट कार्डामागे का बसलो होतो ते आता तुला कळलं.

एकवीस तारखेला मी बसलो होतो. ग्वेनिथने दाढी केली. कॉलर बांधली. मान सरळ राहावी म्हणून पाठीशी उशी लावली. पाटी डाव्या हातात. तुझं चित्र नव्हतं, वारा धुराड्यात घोंगावत होता. तरी मी अर्धा तास हललो नाही. तू बघतो आहेस असं धरून, तुझ्यासाठी म्हणून, मी हसलोही. जेवढं जमलं तेवढं. एका बाजूने.

आणि मग तुझं पत्र आलं. दोन्ही गालांवर सारख्या खळ्या.

ते ग्वेनिथने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि पुढे तिला वाचवेना. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तीनदा. कुणीतरी मला तसं पाहिलं हे ऐकायला बरं वाटतं, पाहिलं नसलं तरी.

आकड्याबद्दल. दुसरा आकडा चार नव्हता, हेडली. आताही नव्हता, तेव्हाही नव्हता. नऊ होता. पाटीवर ३९७२ होते, दोन्ही वेळा.

१९७९ला तू माइकवर "बरं, चार लिहितो" म्हणालास. नियमाने मी 'नाही' म्हणू शकत नव्हतो. पुढे मंडळात दोघांचे कागद ताडून पाहिले असते, तर न दिसलेला आकडा मनाने लिहिला असं निघालं असतं, आणि रिजवे मास्तरांनी लबाडी केली हे अख्ख्या मंडळात झालं असतं. तुझी शाळा, तुझी मुलं. म्हणून कागद जायच्या आधी मीच चिटणिसांना लिहिलं, की आमचं आवाजावर बोलणं झालं, दोघांचंही चुकलं, संपर्क बाद करा. माझाही बाद झाला. तुला खरं कारण सांगितलं असतं, पण मग आकडा सांगावा लागला असता, आणि तुझी चूक तुझ्या तोंडावर सांगावी लागली असती. तू मला नियमांचं पुस्तक म्हणालास. मी म्हटलं, असू दे.

खांब आधीच उतरला होता, हो ना? उत्तर देऊ नकोस.

कव्हेंट्रीत खिडकी कुठल्या दिशेला आहे ते कळव. आमच्या इथून तुमच्या किनाऱ्याचे दिवे दिसतात. त्यांतला तुझा कुठला हे मला कायम माहीत होतं. तो आता लागत नाही. ग्वेनिथ म्हणते, नव्या माणसांनी जाड पडदे लावले असतील.

आज मी वही काढायला लावली. पेन्सिलची नोंद खोडली आणि तिच्या जागी स्वतः लिहिलं, डाव्या हाताने, ओळ वाकडी झाली आहे. २१ ऑक्टोबर, अकरा वाजता. हेडली रिजवे, वॉचेट. चित्र पी-पाच. आकडा ३४७२, बरोबर.

शाईने.

७३.
एमरिस